पंचाईत

‘पंच’ हे पेयाचे नाव इंग्रजांनी आपल्याकडच्या ‘पाच’वरून उचलले, असे आम्ही विद्यार्थिदशेत मोठ्या अभिमानाने सांगत असू. साक्षीदारही भारदस्त होता. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1675 मध्ये जुन्नरपर्यंत येऊन गेलेला. 1698 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तान्तात त्याने हे नाव पाच घटकांवरून पडल्याचे लिहून ठेवले आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला ही ती पाच मंडळी सर्वसाधारणपणे सांगितली जातात. पुढे त्यांच्यात चहाही येऊन बसला. पंचामृताच्या देशात याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

होळीनंतर आम्ही उभयतांनी जुन्या सहाध्यायांना घरी बोलावले, तेव्हा हाच पंच व्हिस्कीचा करावा असे ठरले. मृगबहाराची संत्री बाजारात होती. त्यांच्या सालीचे तुकडे शंभर ग्रॅम साखरेत चुरून तासभर ठेवले. सालीतले सुगंधी तेल साखर ओढून घेते. मग एक लिटर उकळत्या पाण्यात चार चमचे आसामी पत्ती घालून चार मिनिटे झाकली. येथे अमृततुल्याच्या संस्कारांना मुरड घालावी लागते. चहा आटवायचा नाही, नाहीतर तुरटपणा उतरतो आणि पुढे सगळ्यांवर कुरघोडी करतो. गरम चहा त्या साखरेवर गाळला. थंड चहात साखर तळाशीच बसून राहते. तो आपसूक निवू दिला, कारण गरम चहा घाईने फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळतो. शेवटी चार संत्र्यांचा आणि दोन लिंबांचा रस. लिंबू पडताच चहाचा काळसर तांबडा रंग उजळून सोनेरी होतो, तो क्षण पाहण्यासारखा असतो. व्हिस्की मात्र जगमध्ये ओतायची नाही. ज्याच्या त्याच्या ग्लासात बर्फावर पंचेचाळीस मिलिलिटर, आणि वर हे मिश्रण.

एवढी सिद्धता झाली आणि दार वाजले. बोलावलेल्या मित्रांसोबत न बोलावलेला एक मित्र उभा होता.

हा मित्र आमच्यातला खरा भाषाभ्यासक. ‘पाच’ची व्युत्पत्ती आम्ही कितीही रंगवून सांगितली, तरी तिला हरकत घेणारा तोच. मधल्या काळात मद्याने त्याची नोकरी घेतली, पुढे यकृतापर्यंत हात घातला. तीन वर्षांपूर्वी उपचार घेऊन त्याने दारू सोडली. तेव्हापासून आमच्या बैठकींना त्याला बोलावणे आम्ही टाळले. त्याला मोह नको, असे आम्ही स्वतःला सांगत होतो. त्यात आमच्या सोयीचा भाग किती होता, हे त्या संध्याकाळपर्यंत तपासले नव्हते.

कोणीतरी घाईघाईने बाटलीवर वर्तमानपत्र टाकले. ते त्याने पाहिले.

“बाटली झाकू नका रे,” तो म्हणाला, “दारू मी सोडली. तुम्ही मला का सोडलंत?”

यावर देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही बाटली उचलून आतल्या कपाटात ठेवली. ती झाकणे आणि ती दूर ठेवणे यांत फरक आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. चहा आणि व्हिस्की यांचा रंग इतका सारखा, की चुकून ग्लासांची अदलाबदल झाली तर काय, ही धास्तीही होतीच. त्या रात्री सगळ्यांच्याच ग्लासांत जगमधले पेय पडले. कोणी कुरकुर केली नाही. एकाने मात्र फरसाणाकडे पाहून सुस्कारा सोडला.

“पण मग याला पंच म्हणायचं कसं? घटक चारच,” आमच्यापैकी कोणी म्हणाले.

तो जुन्या उत्साहाने सरसावून बसला. हा शब्द इंग्रजीत 1632 च्या एका पत्रातच सापडतो, म्हणजे फ्रायरच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी, जुन्या कृतींमध्ये घटकांची संख्या पाचच असते असेही नाही, सतराव्या शतकातला इंग्रजी उच्चारही ‘पाच’शी नीट जुळत नाही, पिंपाला असलेल्या ‘पंचन’ या इंग्रजी शब्दाचा तो संक्षेप असावा, असेही एक मत आहे. “तेव्हा पाचाचा हट्ट तुमचा,” तो म्हणाला, “शब्दाचा नव्हे.”

आम्ही वाद घातला. पंचामृत, पंचांग, पाचामुखी परमेश्वर, सगळे पुढे केले. त्याने एकेक खोडून काढले आणि मध्येच ग्लास पुढे करून आणखी मागितले. जग रिकामा झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते. जाताना त्याने पुढच्या बैठकीची तारीख विचारली. ती आम्ही अजून ठरवलेली नव्हती. दारातच ठरवली, आणि आधी त्याच्या वहीत लिहून घेतली.