चला, ढाणकीला – लाकूड शोधायला!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी मासे पाळले आहेत? काचेची टाकी, तळाशी रंगीत खडे आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या! दिसायला छान; पण मासे बघा, मागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे असतात. कारण सोपं आहे. त्यांना लपायला जागा नसते. नदीत माशाला झाडाची मुळं असतात, बुडालेल्या फांद्या असतात, कपारी असतात. आपल्या टाकीत तो चारी बाजूंनी उघडा पडतो.

यावर एक झकास उपाय आहे : टाकीत एक जुनं, वाळलेलं, वेडंवाकडं लाकूड ठेवायचं. दुकानात असं लाकूड मिळतं, पण महाग. मग आपणच शोधलं तर? चला तर माझ्याबरोबर, माझ्या मामाच्या गावी, ढाणकीला. पण आधीच सांगून ठेवतो, घाई करायची नाही. घाई केली तर काय होतं ते मी भोगलंय, आणि माझ्यापेक्षा माझ्या माशांनी जास्त भोगलंय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात ढाणकी आहे. आता तिथे नगरपंचायत आहे. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा ते एक मोठं बाजारगाव होतं. आम्ही पुसदला राहायचो. दिवाळीची सुट्टी लागली की पुसदहून एस.टी.ने उमरखेड आणि तिथून दुसऱ्या गाडीने ढाणकी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र फुटलेला कापूस, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. गावाच्या दक्षिणेकडे गेलं की पैनगंगा लागते. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड जिल्हा. म्हणजे या काठावर विदर्भ आणि त्या काठावर मराठवाडा! बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचं सागाचं जंगल आहे, आणि आणखी पुढे गेलं की सहस्रकुंड. तिथे हीच नदी काळ्या खडकांवरून धडाडत खाली कोसळते.

पैनगंगा येते कुठून, ठाऊक आहे? बुलडाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतून. शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात ती वर्धा नदीला मिळते. एवढ्या वाटेवर पावसाळ्यात किती नाले तिला येऊन मिळत असतील! प्रत्येक पुरात काठाची झाडं उन्मळतात, फांद्या मोडतात, मुळं उघडी पडतात. पाणी ती लाकडं वाहून नेतं, खडकांवर आपटतं, वाळूत घासतं. साल निघते, कोवळा भाग झडतो. दिवाळीला पाणी ओसरलं की काठावर लाकडंच लाकडं. कुठलं हरणाच्या शिंगांसारखं, कुठलं नागाच्या फण्यासारखं!

माझ्या मोहाला कारण तेच झालं. पहिल्या वर्षी मी काठावरून एक सुंदर लाकूड उचललं. हातात घेतलं तर अगदी हलकं. मला वाटलं, बरंच झालं, पिशवीत मावेल. कुणाला विचारलं नाही, दाखवलं नाही. पुसदला आलो, नळाखाली खळखळून धुतलं आणि टाकीत सोडलं. ते तरंगायला लागलं, म्हणून वर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो पाणी गढूळ, वास सुटलेला आणि सगळे गप्पी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत. सहा गप्पींपैकी दोन वाचले. लाकूड बाहेर काढून दाबलं तर बोट आत गेलं. आतून ते कुजलेलं होतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. माझ्या माशांच्या वाट्याचा प्राणवायू त्या लाकडाने संपवला होता.

पुढच्या दिवाळीला मामाला सगळं सांगितलं. मामा रागावला नाही. म्हणाला, “यंदा आपण दोघं जाऊ. पण मी सांगीन तसंच करायचं.”

आम्ही नदीवर गेलो. पाण्याच्या कडेला, अर्धं आत अर्धं बाहेर, एक देखणं मूळ पडलेलं होतं. मी धावत जाऊन ते उचललं, तर खालून एक खेकडा तुरुतुरु पळाला, बोटाएवढ्या माशांची रांग सर्रकन खोल पाण्यात गेली, आणि खालच्या बाजूला पाहतो तर गोगलगायी चिकटलेल्या.

मामा म्हणाला, “ठेव ते खाली. ज्याच्यासाठी तू घर शोधू रायला, त्याच्याच भावाचं घर उचलतो का?”

मी गुपचूप ते होतं तसं ठेवलं. तुम्हीही ध्यानात ठेवा : पाण्यातलं लाकूड रिकामं नसतं.

आणखी एक गोष्ट मामाने सांगितली, ती मला मोठेपणी नीट कळली. अभयारण्यातून तर साधी काडीसुद्धा आणायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय ते मना आहे. आणि नदीकाठचं लाकूड? ‘वाहून आलंय, म्हणजे कुणाचंच नाही’ असं आपल्याला वाटतं. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वाहून आलेल्या आणि काठाला लागलेल्या लाकडांवर चक्क एक वेगळं प्रकरण आहे! मालकी सिद्ध होईपर्यंत असं लाकूड सरकारचं धरतात. तेव्हा नदीवरचं एखादं लाकूड आवडलंच, तर आधी घरच्या मोठ्यांना घेऊन वनरक्षकाला विचारायचं.

“मग आपण आणायचं कुठून?” माझा चेहरा एवढासा झाला. मामा हसला आणि मला थेट त्याच्या शेतात घेऊन गेला. बांधावरचा एक पेरू तीन वर्षांपूर्वी नाल्याच्या पुराने उपटला होता. तीन पावसाळे न्‌ तीन उन्हाळे खाऊन त्याचं मूळ तिथेच पडलं होतं. साल गेलेली, रंग राखाडी, पाच फाटे पसरलेले. नदीवरच्या मुळाहून ते काही कमी देखणं नव्हतं!

आता परीक्षा. लाकूड पूर्ण मेलेलं आणि वाळलेलं हवं. खरवडल्यावर आत हिरवं किंवा ओलं दिसलं तर नको. नख रुतलं तर नको. नाकाशी धरलं तर कुजका, तेलाचा किंवा औषधाचा वास नको. पॉलिश, रंग, खिळे असलेलं फर्निचरचं लाकूड तर मुळीच नको. पेरू, जांभूळ, बोर यांची जुनी कडक लाकडं चालतात. चीक असलेली झाडं मात्र दूर ठेवायची. रुई, शेर, कण्हेर ही विषारी. गेळाची फळं पाण्यात ठेचून मासे गुंगवण्याची जुनी रीत होती, त्यावरून समजा की झाडाचा रस माशाला किती बाधतो. लाकूड कशाचं हे ओळखता आलं नाही, तर सरळ सोडून द्यायचं.

घरी आल्यावर मामीने अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आधी मी नारळाच्या शेंडीने मूळ खसाखसा घासलं. साबण किंवा सोडा अजिबात नाही. तो लाकडात मुरतो आणि मग टाकीत उतरतो. नंतर मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ते दोन तास उकळलं. तांब्याचं भांडं घ्यायचं नाही, तांबं माशांना विषासारखं असतं. उकळायचं काम मोठ्यांनीच करायचं, आणि प्रेशर कुकरमध्ये तर कधीच नाही, बरं का!

उकळी आली आणि पाणी चक्क चहासारखं झालं. मी घाबरलो. मामी म्हणाली, “अरे, पानात घालतात तो कात कसा करतात? खैराच्या लाकडाचे तुकडे असेच उकळतात.” लाकडातून उतरणाऱ्या या तांबूस द्रव्यांना टॅनिन म्हणतात. चहातही ती असतात, बाभळीच्या सालीतही असतात. म्हणून तर त्या सालीने कातडं कमावतात. आम्ही ते पाणी फेकलं, नवं घेतलं, पुन्हा उकळलं. तिसऱ्यांदा रंग बराच फिका आला.

पण मूळ अजून तरंगतच होतं. का, सांगा पाहू? लाकडाचा नुसता भाग, आतल्या पोकळ्या सोडून, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. त्याला तरंगवते ती आतली हवा. पोकळ्यांत पाणी शिरलं की लाकूड बुडतं. अंजनासारखं लाकूड इतकं भरीव असतं की ते वाळलेलं असतानाही बुडतं. पेरूला मात्र वेळ द्यावा लागतो.

पुसदला येऊन मी ते पिंपात बुडवलं आणि वर काळा दगड ठेवला. दगडाचीही एक गंमत आहे. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून पाहा, बारीक फेस येईल. तो चुनखडीचा दगड. त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. आपल्या काळ्या दगडाला फेस येत नाही, म्हणून तो बरा. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मित्र चिडवायचे, “काय रे, लाकडाचं लोणचं घातलंस का?” चोविसाव्या दिवशी दगड काढला आणि मूळ तळाशीच राहिलं! त्या दिवशी मी घरभर नाचलो.

टाकीत ठेवल्यावर आठवड्याभरात मुळावर पांढरा, बुळबुळीत कापूस आला. माझ्या पोटात गोळा! पण ही बुरशी-जिवाणूंची साय बहुधा निरुपद्रवी असते. मॉली आणि गोगलगायी ती आवडीने खातात. फार झाली तर मूळ बाहेर काढून ब्रशने घासायचं. पाणी थोडं पिवळसर झालं, तेही चालतं. दक्षिण अमेरिकेत रिओ निग्रो, म्हणजे ‘काळी नदी’, नावाची नदी आहे. झाडपाल्याच्या रसाने तिचं पाणी गर्द चहासारखं असतं आणि कार्डिनल टेट्रा नावाचे झगमगते मासे तिथेच राहतात. गप्पी आणि मॉलींना मात्र आपल्या विहिरीसारखं दुष्फेन पाणी मानवतं. त्यामुळे रंग फार चढला तर थोडं पाणी बदलायचं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं.

आणि मासे? पहिल्या दिवशी ते मुळाकडे फिरकलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या वाचलेल्या दोन गप्पींपैकी मादी हळूच दोन फाट्यांच्या मधून गेली, वळली आणि पुन्हा गेली. महिन्याभराने तिथेच, मुळाच्या खालच्या अंधारात, मला डोळे आणि शेपटी एवढंच दिसणारी सात पिल्लं सापडली. मोठ्यांच्या तोंडून ती वाचली होती, कारण त्यांना लपायला जागा होती.

तर मित्रांनो, या दिवाळीला गावी गेलात की आजोबांच्या शेताच्या बांधावर, घराच्या मागच्या परसात एक चक्कर मारा. एखादं जुनं मूळ तिथे ऊन-पाऊस खात तुमची वाट पाहत असेल. ते आणा, आणि मग महिनाभर थांबा. नदीवर जाल तेव्हा मात्र पाण्यातलं लाकूड उचलून खाली बघा, कोण राहतं ते मोजा, आणि हलकेच होतं तिथे ठेवून द्या.