लॉग गप्प झाले

डिसेंबर २०२१. वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून मी आजऱ्यात घरीच होतो. लॉगफोरशेलची बातमी आली आणि जगभरातले इंजिनिअर जागे राहिले. आमचं ॲप लॉगफोरजेच्या जुन्या १.२ वर होतं. ती भेग आवृत्ती २ मधली. पण १ ची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबलेली. क्लायंट म्हणाला, काढा.

जुनी जार काढली, २ आणि तिची ब्रिज जार घातली. कोडची एक ओळही बदलली नाही. टेस्ट पास. मी खूश होऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला: परवा एक पेमेंट अडकलं, लॉग दाखवा. फाइल उघडली, तर त्या रात्रीनंतर एक ओळ नाही. ॲप मजेत चालू होतं.

भानगड कॉन्फिगरेशन फाइलची होती. आवृत्ती २ आली तेव्हा तिला प्रॉपर्टीज फाइल समजतच नव्हती. २.४ मध्ये ती सोय आली, पण लिहायची पद्धत वेगळी. १ च्या फाइली वाचायची सोय २.१३ मध्ये ब्रिजला मिळाली, तीही प्रायोगिक, आणि ते बटण आपण चालू करायचं. मी केलं नव्हतं. ओळखीची फाइल सापडली नाही की लायब्ररी डिफॉल्टवर जाते: फक्त एरर, तेही कन्सोलवर. आमचं कन्सोल कोण बघतंय!

तोवर माझं ठाम मत होतं की जुने फॉरमॅट सांभाळणं म्हणजे नुसते लाड. नवीन फाइल लिहा की, दहा मिनिटांचं काम. मग ती जुनी फाइल पहिल्यांदाच नीट वाचली. एका पॅकेजची पातळी वॉर्न, आणि वर कॉमेंट: 'इन्फो करू नका, ग्राहकाचा फोन नंबर छापला जातो.' लिहिणारा मी यायच्या आधीच कंपनी सोडून गेलेला. मी दहा मिनिटांत लिहिलेल्या फाइलमध्ये सगळीकडे इन्फो असतं.

आमच्या ट्रंकेत जमिनीचा एक मोडी कागद आहे. घरात कुणालाच वाचता येत नाही, तरी आई दरवर्षी त्याला ऊन दाखवते. यावरून मी तिची टिंगल करायचो.

बटण चालू केलं, लॉग आले. पुढे फुरसतीने नवी फाइल लिहिली, ती कॉमेंट आहे तशी उचलून. त्या तीन दिवसांचे लॉग मात्र कुठेच नाहीत. पेमेंट का अडकलं, हे क्लायंटला मी शेवटपर्यंत सांगू शकलो नाही.