माझा दुपारचा रंधा

शिवण, विणकाम, भरतकाम यांपैकी एखादा छंद तुम्हाला असेलच. माझा छंद ऐकून मात्र शेजारणी हसतात. मैत्रिणींनो, मला सुतारकामाची आवड आहे!

सकाळी शाळेची अर्धवेळ नोकरी, दुपारी वह्यांचा गठ्ठा. तो हातावेगळा झाला, की मागच्या गॅलरीत गोणपाट अंथरायचं नि पाऊण तास रंधा मारायचा. "बाईच्या हातात करवत शोभते का गं?" सासूबाईंनी विचारलंच. पण त्यांचे गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही. म्हणून पहिलं काम घेतलं ते देवापुढच्या उंच स्टुलाचं.

सागाचे उरलेले तुकडे सुताराकडे स्वस्तात मिळतात. रंधा लाकडाच्या रेषेच्या कलानं चालवावा, उलटा फिरवला की पृष्ठभाग ओरबाडतो. सांधा फेव्हिकॉल लावून, दोरीनं आवळून रात्रभर ठेवावा. मग पॉलिशपेपर: आधी ८० नंबरचा, नंतर १२०, शेवटी २२०. (आकडा मोठा तसा कागद बारीक.) नाकाला रुमाल हवाच हं, भुसा फार उडतो.

खरं सांगू? केलेल्या पोळ्या तासाभरात संपतात, पुसलेली फरशी संध्याकाळी पुन्हा मळते. स्टुलाचा घासलेला पाय मात्र दुसऱ्या दिवशीही तस्साच गुळगुळीत! आणि ढलप्या निघत असताना दुधाचा हिशेब आठवत नाही, हे आणखी एक सुख.

सासूबाई आता त्यावरच बसून पोथी वाचतात. परवा म्हणाल्या, "याला पाठ टेकायला काही करता येईल का गं?"

फळी आणून ठेवली आहे.