महागाई फक्त ०.२५ टक्के!

मंडळी, या शनिवारी कोडबद्दलच लिहिणार आहे. पण वाटेत सोयाबीन, गोडेतेल आणि आमचे बाबा येतील, त्याला इलाज नाही.

पुण्यात आयटीत असलेली मराठवाड्याची बहुतेक पोरं करतात तेच मीही करतो, दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. गंगाखेड तालुक्यात आमचं गाव, घरी आई-बाबा आणि कोरडवाहू शेती. आमच्यात वेगळं काही असेल तर तो बाबांचा नियम. पैसे पाठवायला लागलो त्याच वर्षी त्यांनी बजावलं होतं, "मनाला आलं म्हणून वाढवायचे नाहीत. मास्तरांचा डीए कसा वाढतो, तसं. हिशोबानं." त्यामागचं कारण मला तेव्हाच कळलं होतं. पोरगा उपकार करतोय असं वाटायला नको, नियमच तसा आहे असं व्हायला पाहिजे. म्हणून ठरलं ते असं: केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचा किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये येणारा ऑक्टोबरचा आकडा घ्यायचा आणि तेवढ्या टक्क्यांनी रक्कम वाढवायची. २०२२ ला ६.७७ टक्के, २०२३ ला ४.८७, २०२४ ला ६.२१. कुणाची तक्रार नाही.

आणि मग १२ नोव्हेंबर २०२५ ला आकडा आला. ०.२५ टक्के.

२०१२ पायाच्या मालिकेतला हा सगळ्यात खालचा आकडा. टीव्हीवर आनंदीआनंद. हिशोबाला सोपं म्हणून महिन्याला दहा हजार धरा, तर आमच्या घरची वाढ झाली पंचवीस रुपये! ज्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गोदाकाठची पिकं पाण्याखाली गेली, त्या वर्षी पंचवीस रुपये. मी फोनवर म्हटलं, बाबा, या वर्षी नियम राहू द्या. तिकडून उत्तर, "नियम म्हणजे नियम. पंचवीस तर पंचवीस."

बाबांशी वाद घालायचा तर आकड्यानंच घालावा लागतो. म्हणून त्या वीकेंडला डेटा उतरवला.

डेटा मिळणं आता कठीण राहिलेलं नाही. मंत्रालयाचं ई-सांख्यिकी पोर्टल जून २०२४ पासून आहे, तिथून ग्राहक किंमत निर्देशांक सीएसव्हीत घेता येतो. एका ओळीत वर्ष, महिना, राज्य, ग्रामीण की शहरी, गट, उपगट आणि निर्देशांक. पायथनमध्ये पांडाज घेतलं, वर्ष-महिना जोडून तारीख केली, उपगट आडवे पसरले, आणि प्रत्येक महिन्याला बारा महिन्यांपूर्वीच्या महिन्यानं भागलं की वर्षाची महागाई हातात. चार-पाच ओळींचं काम. एक मात्र सांगून ठेवतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानांत जाऊन भाव गोळा करणं थांबलं होतं. एप्रिल-मेचे अखिल भारतीय आकडे नंतर अंदाजानं भरले गेले. तुमच्या फाइलमध्ये ते महिने रिकामे असतील तर बारा 'ओळी' मागं जाऊ नका, बारा 'महिने' मागं जा. नाहीतर जूनची तुलना एप्रिलशी होते आणि ग्राफ दिसायला अगदी शहाणा दिसतो.

(ग्राफवर मराठी अक्षरं टाकायची हौस असेल तर आणखी एक गंमत. मॅटप्लॉटलिबला देवनागरी फाँट दिला की चौकोन जातात, पण माझ्याकडच्या आवृत्तीत 'किंमत'ची पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते. शेवटी ग्राफ मुका ठेवला आणि नावं नंतर हातानं टाकली. असो.)

आधी एक साधा प्रश्न. यात परभणी कुठे आहे? परभणी म्हणून कुठेच नाही. २०१२ च्या मालिकेसाठी देशभरातून १,१८१ गावं आणि १,११४ शहरी बाजार निवडलेले होते, तिथून माणसं प्रत्यक्ष जाऊन भाव आणायची. त्यातून राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा नाही. त्यामुळे आम्हाला जवळात जवळची रेघ म्हणजे 'महाराष्ट्र ग्रामीण'. तिच्यात कोकणातला भातवाला आणि जिंतूरचा ज्वारीवाला एकाच पोत्यात. तरी चालेल म्हटलं, पण टोपलीचं वजन बघून घेऊ. देशाच्या ग्रामीण टोपलीत खाण्यापिण्याचं वजन ५४.१८ होतं, शहरी टोपलीत ३६.२९. म्हणजे कांदा-टोमॅटो पडले की गावाची महागाई शहरापेक्षा जास्त पडलेली दिसते. ऑक्टोबर २०२५ ला झालं तेच, ग्रामीण आकडा चक्क शून्याखाली, उणे ०.२५. बाबांच्या नियमाला 'ग्रामीण' लावलं असतं तर मला पैसे कमी करावे लागले असते :)

पुढचा शोध लागायला पाच मिनिटं पुरली. खाद्यपदार्थांची महागाई उणे ५.०२ टक्के कशामुळे? भाजीपाला उणे २७.५७. बापरे! पण एक वर्ष मागं जाऊन बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हीच भाजी ४२.१८ टक्क्यांनी चढलेली होती. शंभराची भाजी १४२ ची झाली, मग १४२ वरून २७.५७ टक्के उतरली. किती राहिली? १०३ च्या जवळ. दोन वर्षांपूर्वीपेक्षा तीन रुपये महागच. सगळं खाणं मिळून तसंच करा: आधी १०.८७ टक्के वर, मग ५.०२ खाली, उत्तर १०५.३. स्वस्ताई आली होती ती मागच्या वर्षीच्या भडक्याच्या तुलनेत. सप्टेंबर अखेरीला जीएसटी उतरला त्याचाही हात होता, पण मोठा हात भाजीचाच.

हे घेऊन मी गावी गेलो. लॅपटॉप ओसरीवर. आई डोकावून म्हणाली, "काय करायलास रे सकाळपासून?" म्हटलं, महागाई मोजतोय. "तेलाचं बघ आधी," ती म्हणाली आणि आत गेली.

तेल बघितलं. सगळ्या खाली गेलेल्या रेघांत ही एक बाई वर चाललेली! तेल आणि स्निग्ध पदार्थ, वर्षात अकरा टक्क्यांहून जास्त वर. त्याच महिन्यात डाळी सोळा टक्क्यांच्या आसपास खाली. आता आमचं घर बघा. आम्ही तेल विकत घेतो. सोयाबीन आणि तूर विकतो. तेल महाग, तूर स्वस्त. दोन्हीकडून मार.

बाबांनी मान वाकडी करून रेघ पाहिली आणि विचारलं, "हे तेलाचं झालं. आपलं सोयाबीन कुठंय यात?"

नाही. असायचं कारणही नाही, हा ग्राहकाचा निर्देशांक आहे. घर जे विकत घेतं ते त्यात मोजलं जातं, जे विकतं ते नाही. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटसाठी हे ठीक आहे, मी वेळेशिवाय काही विकत नाही. पण परभणी जिल्ह्यातलं शेतकऱ्याचं घर एकाच वेळी दुकानाच्या दोन्ही बाजूंना उभं असतं. तुरीचे भाव पडले की सरकारी रेघेत ती आनंदाची बातमी असते, आणि आमच्या ओसरीवर तीच बातमी उलटी वाचली जाते. आकडा दोन्हीकडे खराच.

मग दुसरी रेघ काढायला बसलो. बाबा मोंढ्यातल्या प्रत्येक पट्ट्या जपून ठेवतात, आडत्याकडून मिळालेली हरेक पट्टी खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवलेली. सोयाबीनच्या तेवढ्या काढल्या, तारीख आणि भाव टंकले, घरगुती सीएसव्ही तयार. त्याच्या शेजारी हमीभावाच्या पायऱ्या: २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये, २०२५-२६ ला ५,३२८. पायरी वर चढते आणि पट्ट्यांचे ठिपके तिच्या खाली पडतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. पण तेव्हा आमच्या घरात विकायला उरलेलंच नव्हतं, त्यामुळे त्या डोंगरावर आमचा एकही ठिपका नाही! 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ते यालाच.

आता कोणालाही पडेल असा प्रश्न. तेल महाग तर सोयाबीन स्वस्त कसं? बाबांनाही हेच छळत होतं. क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो. बाकी ८० किलोच्या आसपास पेंड, व्यापारी जिला डीओसी म्हणतात. म्हणजे सोयाबीन हे नावाला तेलबी, वजनानं ते कोंबड्यांचं खाद्य. आणि पेंडीला उठाव नव्हता, कारण मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा (डीडीजीएस) पोल्ट्रीवाल्यांना त्याहून स्वस्त मिळायला लागला. इकडे तेलाचा भाव ठरतो बंदरावर. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावरचं आयात शुल्क वाढलं, मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं कमी झालं, तरी किराणा दुकानातली पिशवी काही खाली आली नाही. आईची रेघ बंदराला बांधलेली, बाबांची कोंबडीच्या खुराड्याला.

बाबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे आपण कोंबड्यांसाठी पेरतोय."

आकड्यावरून भांडणं महाराष्ट्राला नवं नाही. १९६३ साली मुंबईत गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता आणि बाजारात भाव चढत असताना निर्देशांक मात्र तितका चढेना. मुंबई बंद झाली. राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निर्देशांकात खरंच दोष सापडले. कामगारांच्या मागं युनियन होती, टोपलीतली एकेक वस्तू तपासायला लावण्याइतकी ताकद होती. शेतमजुरांचा निर्देशांक बघा, तो १९८६-८७ च्या पायावर २०२५ पर्यंत चालला. त्याच्यासाठी कोणी काही बंद केलं नाही.

तर वाद. मी दुसरी रेघ दाखवून म्हटलं, बाबा, हे धरून पैसे वाढवू. बाबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "ही रेघ शेतीची. शेतीचा तोटा शेतीनं सोसायचा. तो तू भरायचा नाहीस. घरखर्चाचा हिशोब वेगळा."

यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. मग मी मास्तरांच्या डीएवर आलो. म्हटलं, नियम डीएसारखा पाहिजे ना? डीए एका महिन्याच्या आकड्यावर ठरत नाही, बारा महिन्यांची सरासरी धरतात. आपण एकटा ऑक्टोबर धरतो, म्हणून भाजीच्या एका उडीवर सगळं हलतं. नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या बारा आकड्यांची सरासरी काढून दाखवली: तीन टक्क्यांच्या किंचित खाली. दहा हजाराला पंचवीसच्या जागी तीनशेच्या जवळ.

बाबांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मास्तरांना फोन लावून सरासरीचं खरं आहे का तेही विचारून घेतलं. खरं निघालं. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "पुढं सरासरी कमी आली तरी हाच नियम." कबूल म्हटलं. (२०२६ पासून २०२४ पायाची नवी मालिका सुरू झाली, वजनं २०२३-२४ च्या खर्च पाहणीवरून घेतलेली. म्हणून जुनी रेघ डिसेंबर २०२५ ला थांबवून पुढची वेगळ्या रंगात काढतो. बाबांना तेही सांगून ठेवलंय.)

लॅपटॉप मिटणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. मागच्या वर्षीची सरासरी काढ."

काढली. पाच टक्के आली. त्या वर्षी ऑक्टोबरच्या नियमानं मी ६.२१ नं वाढवले होते. बाबांनी एका जुन्या पट्टीच्या पाठीवर पेनानं वजाबाकी केली. दहा हजाराला महिन्याला १२१ रुपये जास्त गेले, बारा महिन्यांचे १,४५२. तेवढे यंदा कापून घे म्हणाले.

मी नाही म्हणतो, ते कापच म्हणतात. आईचं म्हणणं, दोघंही गप बसा आणि तेवढ्याचं तेल आणा.