सोसण्याची तजवीज

आमच्या नरखेड तालुक्यात मोटारगाडीची खरी परीक्षा संत्र्याच्या हंगामात होते. आंबिया बहाराचा माल उतरू लागला, की बागेतल्या काळ्याभोर, अजून पुरत्या न सुकलेल्या मातीतून वाट काढीत, पाठीवर भरल्या कॅरेटांची चळत घेऊन जी जीप पक्क्या सडकेला लागते आणि पांढुर्णा मागे टाकून मुलताईचा चढ चढू लागते, त्या जीपचा मालक परत आल्यावर माझ्या गॅरेजच्या दाराशी उभा राहून बहुधा एकच दरखास्त करतो : ‘भाऊ, गाडीले टर्बो बसवून द्या न.’

या मागणीत गैर काही नाही. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर संतुष्ट असते. आणि आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे तीच हवा पौषातल्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ होते, त्यामुळे गाडी ओझ्याखाली धापा टाकते. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने १९०५ साली पेटंट करून घेतली. युक्ती निर्दोष आहे. परंतु मालकाला वाटते की टर्बो ही बाहेरून जोडावयाची वस्तू आहे, आणि माझ्या हातांनी मला शिकवले ते असे, की टर्बोचे तीन चतुर्थांश काम इंजिनाच्या आत असते, जेथे मालकाची दृष्टी कधीच पोहोचत नाही.

हिशेब डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. साडेतीन इंच बोअरच्या, म्हणजे ८८.९ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटिमीटर भरते. स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो दाब धरला, तर त्या एका पिस्टनच्या माथ्यावर सुमारे पाच टनांचा घाव बसतो; टर्बोने तोच दाब ११० वर नेला, तर पावणेसात टनांहून अधिक. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन हा घाव मिनिटाला हजार वेळा सोसतो.

येथे पुष्कळ कारागीर आणि हौशी मंडळी प्रथम कनेक्टिंग रॉडकडे धावतात. माझा अनुभव निराळा आहे. रॉडच्या बोल्टांना तोडणारा ताण येतो तो पिस्टन वर जाऊन माघारी वळताना, आणि तो फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असतो. फेरे वाढवले नाहीत, तर टर्बोमुळे तो ताण फारसा वाढत नाही. वाढतो तो वरून दाबणारा भार, आणि मर्यादित दाबावर धडधाकट रॉड तो सोसतो. सोसत नाही ते हेडखालचे पॅकिंग, सोसत नाही पिस्टनचा माथा, आणि सोसत नाहीत बेअरिंगे. म्हणून मी ब्लॉकचा माथा प्रथम तपासतो. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखालून पाच शतांश मिलिमीटरची फीलरची पाती सरकवून पाहावी. कोठेही ती सुळकन् आत गेली, तर ब्लॉक घासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हेडचे बोल्ट नवे घ्यावेत आणि टॉर्कच्या पान्याने, मधून बाहेरच्या बाजूस, तीन टप्प्यांत आवळावेत.

तरीही दाबापेक्षा उष्णता अधिक घातक असते, हे मला एका अपराधाने शिकवले. तो शब्द मी जाणूनबुजून वापरतो. धंद्याच्या आरंभीच्या वर्षांत मी एका साध्या डिझेल जीपला भंगारातून आणलेला टर्बो बसवला, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले, आणि आतले काही म्हणता काही बदलले नाही. मालक अकरा दिवस खूश होता. बाराव्या दिवशी गाडी ओढून आणली. हेड उचलले, तो तिसऱ्या पिस्टनचा काठ मेणबत्तीच्या कडेसारखा ओघळलेला, आणि वरच्या रिंगची भिंत तुकडे होऊन पडलेली. पिस्टनचे ॲल्युमिनियम ६०० अंशांच्या अलीकडेच वितळू लागते, आणि त्याची ताकद तर ३०० अंशांच्या आसपासच झपाट्याने उतरते. शिवाय मी रिंगच्या तोंडातली फट साध्या इंजिनाच्या मापाने, चौदा थाऊ, म्हणजे इंचाचे चौदा सहस्रांश, ठेवली होती. तापलेली रिंग फुगली, तिची दोन्ही टोके एकमेकांना भिडली, आणि जागा न उरल्यामुळे तिने पिस्टनच फोडला. चार थाऊ अधिक ठेवले असते, तर ती भिंत कदाचित वाचली असती. ते इंजिन मी स्वखर्चाने पुन्हा बांधून दिले.

त्यानंतर मी कारखान्यांच्या कामाकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू लागलो. टाटांची इंडिका १,४०५ घनसेंटिमीटरच्या एकाच आकाराच्या इंजिनावर साधीही विकली गेली आणि टर्बोसहही; अशी भावंडे शेजारी उघडून ठेवली, की निर्माता कोठे कोठे हात घालतो याचा धडा मिळतो. टर्बो डिझेलच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेला कठीण लोखंडाचे कडे ओतलेले आढळते, पिन जाड असते, आणि खालून पिस्टनच्या पोटावर तेलाची धार सोडणारी बारीक तोटी बसवलेली असते. हवा दाबताना तापते, म्हणून तिला निववणारा इंटरकूलर येतो. पंपाला हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल मोजून देणारा पडदा येतो. या सर्व खटाटोपाचा हेतू एकच, की उत्पन्न झालेली उष्णता जेथे थांबली असता नाश करील तेथून तिला वेळीच बाहेर काढावे.

आणि तेल! त्याचा धडा मला एका महापुराने दिला. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने आमच्या तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या वेळी मी उमेदवारी करीत होतो. पुढे कित्येक महिने गाळाने भरलेली पाण्याच्या पंपांची इंजिने उस्तादांकडे येत राहिली. उस्ताद बोलत थोडे. पण ब्लॉकमधल्या तेलाच्या प्रत्येक मार्गातून तारेला बांधलेली पांढरी चिंधी ओढावयास लावीत, आणि ती पांढरीच बाहेर येईपर्यंत ते इंजिन बांधावयाची परवानगी नसे. आज टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत तेलाच्या ज्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो, त्याचा विचार मनात आला म्हणजे मला ती चिंधी आठवते, आणि आजही मी ती ओढल्याशिवाय राहत नाही.

क्रँकसंबंधी एकच ताकीद देतो. क्रँक दहा थाऊ, वीस थाऊ घासून आणली, की सर्वजण व्यास मोजतात. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मात्र कोणी पाहत नाही. तेथे दगडाने गोलाई मारून काटकोन सोडला असेल, तर चीर तेथूनच सुरू होते. मी कोपऱ्यावरून नख फिरवतो. ते अडले, तर क्रँक परत धाडतो.

कायद्याचाही मजकूर सांगितला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक स्पष्ट केले. तरुणपणी मला याची जाणीव नव्हती. आता सडकेवरच्या साध्या गाडीला टर्बो जोडण्याचे काम मी घेत नाही. जी इंजिने कारखान्यातूनच टर्बोसह आली आणि झिजून दुबळी झाली, त्यांना त्यांची मूळ सहनशक्ती परत मिळवून देणे, हेच आज माझे काम आहे, आणि त्यात वर सांगितलेले सारे कसब पुरेपूर लागते.

तेव्हा संत्र्याचा माल घेऊन निघणाऱ्या माझ्या बांधवांना विनंती आहे : हंगामापूर्वी एकदा चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनातला तेलाचा दाब मोजून घ्या. आणि मुलताईचा चढ चढून चहासाठी गाडी थांबवाल, तेव्हा किल्ली लगेच फिरवू नका. इंजिन बंद होताच तेलाचा पुरवठा थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याची काजळी होते. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू द्या आणि मगच खाली उतरा.