मान सैल सोडा
पुण्यात ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात मालिशला गेलो. डॉ. दिनशा मेहतांच्या या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते. 1986 पासून इथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.

आधी चौकशी: ताप? रक्तदाब? जेवण कधी झालं? मग कोमट तेल, आणि पावलांकडून हृदयाच्या दिशेने सरकणारे तळवे. ‘दुखलं तर सांगा,’ मालिश करणारे काका म्हणाले. मानेपाशी हात थांबले. ‘सैल सोडा.’ सोडली असं वाटत होतं. ती आपली ताठच. कशाचा पहारा करत असेल?

पुढे वाफ, अंघोळ. अंग हलकं झालं, थोडं रडूही आलं. कशाचं, कळलं नाही. घरी कुणाच्या हाती इतकं निवांत डोकं कधी टेकवलं होतं, तेही आठवेना.