तेराव्या वर्षातली ऐरण

रोहिणी लागल्या की पूर्णेकाठच्या गावांत लोहाराच्या दारी माणसं ताटकळायला लागतात. कुणाची वखराची पास, कुणाचे विळे, कुणाची कुदळ. साठच्या दशकात इथे धरणांची जोडी उभी राहिली. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. कालव्याचं पाणी वसमतकडे गेलं, रानात ऊस आणि हळद आली, मागोमाग ट्रॅक्टर आला. नांगरट यंत्राकडे गेली, पण हळदीच्या सरीतलं तण अजून बायका बसूनच काढतात आणि त्यांच्या हातात खुरपंच असतं. त्या खुरप्यासाठी गावाला अजून भट्टी लागते.

भट्टीभोवती पोरं जमतातच. निखाऱ्यातून लालभडक लोखंड बाहेर निघतं तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे डोळे जसे होतात, तसे फळ्यासमोर क्वचितच होतात. पण त्यांच्या वाट्याला नुसतं बघणं येतं. हातोडा त्यांच्या हाती कुणी देत नाही, आणि त्यामागे नुसती भाजण्याची भीती नाही. बारा बलुत्यांच्या गावगाड्यात भात्याचा दांडा लोहाराच्या पोराला जन्माने मिळायचा आणि बाकीच्यांना जन्मानेच नाकारलेला असायचा. लोहाराचं पोर भात्यापाशी बसलं ते शाळेबाहेर राहिलं. बाकीची शाळेत गेली आणि आपल्या घरातलं खुरपं कसं होतं हे त्यांना कधी कळलंच नाही. नुकसान दोन्हीकडे झालं. ते भरून काढायचं तर ऐरण शाळेच्या वेळापत्रकात यायला हवी, सगळ्या जातींच्या मुलामुलींसाठी.

दिवाळीच्या सुटीत शेजारची आठवीतली मुलगी हट्टाने खुरपं करायला लोहाराकडे आली, तेव्हा मी सोबत होतो. लोहारमामांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा काढला. हे पोलाद कडक होतं, धार धरतं. बांधकामाची साधी पट्टी कितीही तापवून विझवली तरी मऊच राहते. चामड्याचा भाता केव्हाच गेलाय, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. ती पंखा फिरवत राहिली आणि तुकडा आधी काळपट तांबडा, मग शेंदरी झाला. तिने घाईने सांडशी पुढे केली तसे मामा म्हणाले, "थांब माय. रंग येऊ दे. आधी बघावं, मग मारावं."

मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक तारेला बांधून नेलं होतं. थंड पाट्याला ते खटकन चिकटलं. शेंदरी झालेल्या पाट्याजवळ नेलं तर नुसतं लोंबकळत राहिलं. तिने पुन्हा नेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. 770 अंशांच्या आसपास लोखंडाची ओढ जाते, हे पुस्तकात एका ओळीत सांगता येतं. इथे मात्र तिच्या हाताला कळलं की चुंबकाची ओढ खरंच थांबली. मामांनी चुंबक कधी वापरलं नव्हतं. पाट्याला पाणी कधी द्यायचं, हे ते आयुष्यभर नुसत्या रंगावरून ओळखत आले होते. त्या दुपारी शाळेची विद्या आणि त्यांची विद्या एकाच तुकड्यावर भेटल्या.

पुढचा तासभर तिने घाव घातले. मामा छोट्या हातोडीने जागा दाखवायचे, तिचा हातोडा तिथे पडायचा. मामांची हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. तोंडाने एक शब्द नाही. लोखंड काळवंडल्यावर मारलेला घाव फुकट जातो, उलट तडा जाण्याची भीती, हे तिला मनगटाला बसलेल्या झिणझिण्यांनीच शिकवलं. शेवटी फक्त धारेची कड पाण्यात बुडवली, विटेच्या तुकड्यावर घासून लख्ख केली आणि ते दोघं वाट बघत बसले. मागच्या जाड भागात उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्यापुढे रंग धावतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. जांभळा धारेला टेकताच अख्खं खुरपं पाण्यात. तो क्षण आधी साधला तर धार ठिसूळ राहते, निसटला तर बोथटते. ती श्वास धरून बसली होती. एवढी एकाग्रता पाठ करण्याने येत नाही.

हे प्रत्येक शाळेत होणं अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून हा शास्त्रज्ञ कोरडवाहू गावात येऊन राहिला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला: आठवड्यातला एक दिवस कामाचा, कार्यशाळा, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी चार अंगं. मुलं लोखंड कापतात, जोडतात आणि गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू करतात. कलबाग 2003मध्ये गेले, काम चालू आहे. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की मुलांनी केलेली वस्तू कुणीतरी वापरतं. प्रदर्शनाच्या टेबलावरून ती अडगळीत जात नाही.

आणि आपला मुलूख लोखंडाच्या बाबतीत परका नाही. आपली हिंगोली निजामाच्या राज्यात होती, त्याच राज्यातल्या निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद तयार व्हायचं आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. हिंदुस्थानातून गेलेल्या अशा पोलादाचे, वुट्झचे, नमुने 1820च्या सुमारास लंडनमध्ये एका तरुणाने तपासले. त्याचं नाव मायकेल फॅरडे. तो लोहाराचा मुलगा होता आणि चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला होता. लोहाराच्या घरातलं पोर आणि पुस्तकं एकत्र आली की काय होतं, त्याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. लोहाराचं नाव तिथे 'इत्यादी'त गेलं. 2023च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहार आहे, पण ती अठरा वर्षांपुढच्यांसाठी. मधल्या वयाचं काय? जे वय हाताला सगळ्यात लवकर वळण लावतं, ते तसंच निघून जातं. मुलींना हे झेपेल का, असंही विचारतात. घिसाड्यांच्या पालापाशी जाऊन उभं राहा. नवरा ऐरणीपाशी बसलेला आणि घण चालवणारी बाई उभी असते.

काळजी अर्थातच हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून. पायात चप्पल नको, बंद चामडी बूट हवेत. अंगावर नायलॉन नको, सुती कापड हवं. ओढणी खोचलेली, डोळ्यांना चष्मा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप आगीत जाता कामा नये, त्याच्या धुराने ताप चढतो. आणि सगळ्यात धोक्याचं ते काळं लोखंड. लालाला कुणी हात लावत नाही, नुकतं काळं पडलेलंच भाजतं.

सिद्धेश्वरच्या आसपासच्या शाळांना यासाठी इमारत लागणार नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पाच-सहा मुलांची तुकडी, एक शिक्षक आणि लोहारमामा. मामांना तासाचं मानधन मिळावं आणि वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे 'गुरुजी' लिहिलेलं असावं, यावर मी अडून बसेन. सुरुवात दप्तर अडकवायच्या आकड्याने करावी, त्यात वाकवणं आणि टोक काढणं दोन्ही येतं. मग खुरपं. ते आषाढात हळदीच्या खुरपणीला ज्याच्या त्याच्या आईच्या हातात द्यावं आणि धार किती दिवस टिकली ते तिलाच विचारून वहीत लिहावं.